कॅम्प सेंच्युरीचा हिमगाभा: लष्कराच्या पैशाचे उपकार मानावेत का?

उत्तरायण (मूळ लेखन)

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने ध्रुवप्रदेशांत पैसा ओतला नसता, तर पृथ्वीच्या जुन्या हवामानाचा हिशेब आपल्याला कधीच लागला नसता, असे विधान नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही. ज्या उदाहरणावर ते उभे असते, तेच उदाहरण घेऊन मी माझे म्हणणे मांडतो.

वायव्य ग्रीनलंडमधील थुले हवाईतळापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, हिमस्तराच्या पोटात, अमेरिकी भूदलाच्या अभियंत्यांनी १९५९-६० मध्ये कॅम्प सेंच्युरी हा तळ उभारला. यंत्रांनी खोल चर खणायचे, त्यांवर पन्हळी पत्र्याच्या कमानी बसवायच्या आणि वरून पुन्हा हिम लोटायचे, अशी त्याची बांधणी होती. आत झोपण्याच्या खोल्या, भोजनगृह, प्रयोगशाळा आणि १९६० पासून १९६३ पर्यंत वीज पुरवणारी एक छोटी अणुभट्टीही होती. हे संशोधन केंद्र आहे, असे जगाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात भूदलाच्या मनात ‘प्रोजेक्ट आइसवर्म’ ही योजना होती: सुमारे चार हजार किलोमीटर लांबीच्या बोगद्यांत सहाशे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे जागा बदलत ठेवायची. ग्रीनलंड ज्या डेन्मार्कच्या अखत्यारीत आहे, तेथील जनतेला ही योजना कळण्यासाठी १९९७ साल उजाडावे लागले. योजना मात्र बर्फानेच मोडून काढली. हिमस्तर वाहता असतो. चरांच्या भिंती आत सरकत, छत खाली येई आणि सैनिकांना यांत्रिक करवतींनी त्या भिंती सतत तासाव्या लागत.

याच तळावरील एका चरातून भूदलाच्या प्रयोगशाळेच्या लोकांनी जुलै १९६६ मध्ये १३८७ मीटर खोल जाऊन हिमस्तराचा तळ गाठला. वेधनातून निघालेला बर्फाचा लांबलचक दंडगोल म्हणजे हिमगाभा. पण त्या बर्फाला वाचा कशाने फुटली? कोपनहेगनमधील शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड यांनी जून १९५२ मध्ये आपल्या घराच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडाशी नरसाळे बसवले आणि पावसाचे पाणी गोळा केले. ढग जितका थंड, तितके त्यातून पडणाऱ्या पाण्यात जड ऑक्सिजनचे, म्हणजे ऑक्सिजन-१८ चे, प्रमाण कमी, हे त्यांनी ताडले, आणि तसे असेल तर जुन्या बर्फात जुने तापमान नोंदलेले असणार, हेही ओळखले. कॅम्प सेंच्युरीचा गाभा मोजून देण्याचा प्रस्ताव पुढे त्यांनी स्वतःहून मांडला आणि १९६९ मध्ये सहकाऱ्यांसह सुमारे एक लाख वर्षांचा आलेख प्रसिद्ध केला. म्हणजे प्रश्न घरापुढच्या हिरवळीवर सुचला होता. लष्कराकडे होते ते वेधनयंत्र.

आणि उपकारांची भाषा करायची, तर किमतीचीही केली पाहिजे. थुले तळासाठी १९५३ मध्ये तेथील इनुगुइट या मूळनिवासी कुटुंबांना घरदार आणि शिकारीची जागा सोडून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला कानाक येथे जावे लागले.

गोठणबिंदू

आपली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष बरोबर नाही. बाटलीत पडलेला पाऊस १३८७ मीटर खाली नेऊन पोहोचवत नाही. त्या खोलीवर बर्फाच्या दाबाने छिद्र मिटू लागते, म्हणून ते द्रवाने भरून ठेवावे लागते. सुरुवातीला चालवलेले उष्णतेने बर्फ वितळवणारे यंत्र एका टप्प्यानंतर सोडून विद्युत-यांत्रिक यंत्र वापरावे लागले. आणि हे सारे कित्येक उन्हाळे चालले. त्या काळी एवढा धीर आणि एवढे इंधन कोणत्या विद्यापीठाकडे होते?

शिवाय लष्करातले सगळेच क्षेपणास्त्रांचा विचार करत होते, असेही नाही. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या भूदलाच्या बर्फ व हिम संशोधन संस्थेत हेन्री बाडर हे स्विस वंशाचे शास्त्रज्ञ होते. खोल गाभे काढले पाहिजेत, हा आग्रह त्यांनी त्या संस्थेच्या आत राहून १९५० च्या दशकात सातत्याने धरला. शास्त्रज्ञांनी लष्कराचा पैसा आपल्या प्रश्नाकडे वळवला, असे मी म्हणेन, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. डान्सगार्ड यांचा आलेख कुलूपबंद राहिला नाही, तो सर्वांसमोर छापला गेला.

दर्यावर्दी

हा गाभा उघड झाला, हे खरे. पण त्यावरून नियम काढता येणार नाही. आर्क्टिक समुद्राच्या बर्फाचेच पाहा. ऑगस्ट १९५८ मध्ये ‘नॉटिलस’ ही अमेरिकी अणुपाणबुडी उत्तर ध्रुवाखालून गेली आणि त्यानंतर अनेक पाणबुड्यांनी वर रोखलेल्या ध्वनियंत्रांनी बर्फाची जाडी नोंदली. या नोंदी दशकानुदशके गुप्त राहिल्या. त्या खुल्या होऊ लागल्यावर, १९५८ ते १९७६ मधील आणि १९९० च्या दशकातील मोजमापांची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पाण्याखालील बर्फाची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आल्याचे दिसले. ज्यांनी मोजले त्यांना मोजमापांचा हवामानाशी असलेला संबंध पाहायचा नव्हता, आणि ज्यांना पाहायचा होता त्यांना कागद मिळत नव्हते.

मी गोव्यात राहतो, म्हणून एक जवळची गोष्ट सांगतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ हा तेथील आपला पहिला तळ उभारताना आपल्या सैन्याच्या अभियंत्यांचे हात लागले. पण ती मोहीम महासागर विकास विभागाची होती आणि तिचे नेते सय्यद जहूर कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञ होते. काय शोधायचे हे ठरवणारा नागरी शास्त्रज्ञ आणि ओझे वाहणारा सैनिक, ही रचना १९५९ च्या अंटार्क्टिक करारालाही मान्य आहे; त्याच्या पहिल्याच कलमात लष्करी कारवायांना बंदी असून संशोधनासाठी सैनिक व सामग्री वापरण्याची मुभा आहे. कॅम्प सेंच्युरीत ही उतरंड उलटी होती. माझा आक्षेप गणवेशाला नाही, या उलट्या उतरंडीला आहे.

गोठणबिंदू

भेद रास्त आहे. तरीही १९५८ मध्ये केवळ बर्फ मोजण्यासाठी कोणी अणुपाणबुडी पाठवली असती का? उशिरा मिळालेली नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा कधीही बरी. त्या गुप्त कागदांशिवाय १९९९ च्या तुलनेला आधाररेषाच उरली नसती.

शेवंती

तुम्ही सर्वजण बर्फाबद्दल बोलत आहात. मला माणसांबद्दल बोलायचे आहे. अमेरिकी हवाईदलाच्या अलास्कामधील वैद्यकीय प्रयोगशाळेने १९५५ ते १९५७ दरम्यान तेथील सुमारे शंभर मूळनिवासींना आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी द्रव्य दिले. माणूस थंडीला सरावतो त्यात थायरॉइड ग्रंथीचा वाटा किती, हे पाहायचे होते, कारण सैनिकांना तेथे लढावे लागेल अशी अपेक्षा होती. त्यांत स्तनपान देणाऱ्या माताही होत्या. आपल्याला काय दिले जात आहे हे बहुतेकांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते. निष्पन्न काय झाले, तर त्या ग्रंथीचा विशेष वाटा नाही. येथे नागरी शास्त्रज्ञाने पैसा वळवला, असे कोणी म्हणू शकेल का?

उत्तरायण

बाडर यांचा मुद्दा मी मान्य करतो. मूळ लेखनात त्यांचे नाव यायला हवे होते. शेवंती यांनी जे लिहिले, त्याला माझ्याकडे जोडण्यासारखे काही नाही.

राहिला प्रश्न कॅम्प सेंच्युरीचा. गाभ्याच्या तळाशी बर्फाखालची साडेतीन मीटर गोठलेली मातीही वर आली होती. छिद्र तळाला लागले आणि त्याच सुमारास, १९६७ मध्ये, तळ सोडून दिला गेला. तो गाभा चेस्टर लँगवे यांनी पुढे बफेलोच्या विद्यापीठात सांभाळला, नंतर तो कोपनहेगनला गेला, आणि काचेच्या बरण्यांतील ती माती शीतपेटीत जवळजवळ विस्मरणात राहिली. अलीकडे ती पुन्हा सापडली, धुतली गेली, तेव्हा काळ्या गाळात काटक्या आणि शेवाळाची पाने निघाली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि २०२३ च्या संशोधनानुसार सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी ती जागा बर्फमुक्त होती. एवढी मोठी गोष्ट पन्नास वर्षे बरण्यांत टिकली ती लष्कराच्या नव्हे, प्राध्यापकांच्या राखणीमुळे.

लष्कराने जे मागे ठेवले ते वेगळे आहे. अणुभट्टी उचलून नेली. पण २०१६ च्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे दोन लाख लिटर डिझेल, त्याहून अधिक सांडपाणी आणि विषारी पीसीबी रसायने बर्फातच राहिली, कारण तेथे सदैव हिम साचत राहील असे गृहीत धरले होते. गोठणबिंदू यांच्या बाजूने हेही सांगतो की, नंतरच्या गणितानुसार वितळलेले पाणी २१०० पूर्वी त्या कचऱ्यापर्यंत झिरपणार नाही. पण त्या जागी बर्फाचे तापमान आणि वितळण पाहणारी यंत्रे २०१७ पासून उभी आहेत ती डेन्मार्कची, आणि त्यांचा खर्चही डेन्मार्कच उचलतो.