लोकल व्हॉइस बोलत नाही म्हणून राउटरचे पोर्ट उघडू नका

वायरमन_मिरज

परवा 'ठाणेकर_जुना' यांनी लिहिलं की लोकल व्हॉइस कंट्रोल, म्हणजे अलेक्सासारखं क्लाउडला न जाता घरातल्याच होम असिस्टंटकडून (घरचे दिवे-पंखे चालवणारं सॉफ्टवेअर) बोलून काम करून घेणं, हा रिकामा वेळ असणाऱ्यांचा उद्योग आहे, आणि कुणाचं चालत नसेल तर "राउटरमध्ये ८१२३ फॉरवर्ड करा, १०३०० नि १०२०० पण करून टाका, पाच मिनिटांत प्रश्न मिटतो". त्याखाली तीन-चार जणांनी "धन्यवाद, करून बघतो" म्हटलंय, म्हणून एवढं लांब लिहितोय. मला खरंच राग आलाय त्याचा.

फॉरवर्ड करणं म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला घरातल्या मशीनचं ते दार (पोर्ट) उघडून देणं. ८१२३ म्हणजे होम असिस्टंट स्वतः, १०३०० म्हणजे बोललेलं लिहून काढणारा व्हिस्पर, १०२०० म्हणजे उत्तर बोलून दाखवणारा पायपर. हे दोघे होम असिस्टंटशी ज्या वायोमिंग प्रोटोकॉलवर बोलतात त्याला ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन. हे पोर्ट घरातल्या घरात बोलायला आहेत. घराबाहेरून त्यांच्याशी बोलायचं कारण कुणालाच नाही, तुम्हालासुद्धा नाही. बाहेरचा पोर्ट उघडला म्हणून आतलं मशीन बोलायला लागणार नाही हो, कारण अडलेलं असतं ते आत.

माझ्याच घरचं सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली ती पांढरी चौकोनी व्हॉइस डबी, होम असिस्टंटची प्रिव्ह्यू एडिशन. "हॉलमधला पंखा लाव" म्हटलं की वर्तुळ उजळायचं, पंखा चालू पण व्हायचा, आणि मग शांत. उत्तर नाही. दोन रात्री मी पायपर पुसून पुन्हा टाकत बसलो. तिसऱ्या दिवशी इंटरनेट चालू असताना बोलली आणि बंद असताना मुकी झाली, तेव्हा डोक्यात आलं. होम असिस्टंट ६०५३ वर डबीकडे जातो, पण उत्तराचा आवाज आणायला डबी उलट ८१२३ वर होम असिस्टंटकडे येते, आणि कुठल्या पत्त्यावर यायचं ते सेटिंग्ज, सिस्टिम, नेटवर्क मधल्या लोकल यूआरएलवरून ठरतं. मी तिथे डकडीएनएसचा (बाहेरून घर गाठायला नाव देणारी सेवा) बाहेरचा पत्ता घातला होता! म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला आवाज गावाला वळसा घालून येत होता. तिथे १९२.१६८ वाला घरातला पत्ता टाकला, झालं. (https चं सर्टिफिकेट थेट होम असिस्टंटला लावलं असेल तर साधा http चा पत्ता चालणार नाही, ते आधी प्रॉक्सीवर, म्हणजे मध्ये उभ्या राहणाऱ्या सर्व्हरवर, हलवा.)

तर आधी एवढं बघा: डबी आणि सर्व्हर एकाच नेटवर्कवर आहेत का, का डबी गेस्ट वायफायवर पडलीय. डॉकर (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर व्हिस्परच्या पत्त्यात लोकलहोस्ट लिहिलंय का, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. मग सर्व्हर मशीनवरून एनसी (पोर्ट उत्तर देतो का तपासायची कमांड) मारून १०३०० उत्तर देतो का बघा. याच्यात राउटरच्या फॉरवर्डिंगच्या पानावर जायची वेळ कुठे आली?

ठाणेकर_जुना

माझं नाव घेऊन लिहिलंय तर उत्तर देतो. तीन वर्षं माझा ८१२३ उघडा आहे. लांब पासवर्ड, टू फॅक्टर, चुकीचं लॉगिन झालं की आयपी बॅन. काही झालेलं नाही. तुमच्यासारख्या लोकांमुळे नवीन माणूस घाबरून पळतो, व्हीपीएन, प्रॉक्सी, व्हीलॅन ऐकलं की तो परत अलेक्सा घेऊन येतो आणि ते बरोबरच करतो. १०३०० चं लिहायला नको होतं, ते मान्य. घाईत लिहिलं. पण ८१२३ वर मी ठाम आहे.

अर्धा_कप

ठाणेकर, मार्च २०२३ आठवतोय का? होम असिस्टंटचे अपडेट वगैरे सांभाळणाऱ्या सुपरवायझरमध्ये लॉगिनच ओलांडून जाता येत होतं, त्या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-२७४८२, गंभीरता १० पैकी १०. तुमचा लांब पासवर्ड त्यात कुठेच आडवा येत नव्हता. आणि ती चूक त्याच महिन्यात झालेली नव्हती, २०१७ पासून पडून होती. "तीन वर्षं काही झालं नाही" हे सहा वर्षं सगळेच म्हणत होते.

ठाणेकर_जुना

आणि सुपरवायझर आपोआप अपडेट होतो, बहुतेकांचं भोक कळायच्या आत बुजलं होतं, हे का नाही लिहिलं? अर्धं सांगायचं आणि भीती घालायची.

अर्धा_कप

जाहीर होण्याआधीच्या सहा वर्षांत अपडेट नव्हतं ना पण. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे नि राउटर धरले ते टेलनेट (लांबून लॉगिन करायची जुनी सोय) उघडं आणि पासवर्ड कारखान्यातलाच म्हणून. त्या मालकांनाही वाटत होतं आपल्या घरात काय आहे कुणी यायला.

रानजाई

तुमचं दोघांचं चालू द्या, माझी अडचण वेगळी आहे. मी डब्लिनला, आईबाबा सांगलीत. मला इथून त्यांच्या घरचे लाइट, गीझर, दार बघायचंय. ठाणेकरांचं वाचून मी मागच्या महिन्यात भावाला फोनवर बसवून पोर्ट फॉरवर्ड करायला लावला, दोन तास गेले, उघडलाच नाही. कंपनीला फोन केला तर "मॅडम तुमच्याकडून प्रॉब्लेम आहे" हेच तीनदा. शेवटी एका मुलाने हळूच सांगितलं की तुम्हाला पब्लिक आयपीच नाहीये.

वायरमन_मिरज

ताई, भावाला राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघायला सांगा. १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर सीजीनॅट, म्हणजे एका पत्त्यामागे कितीतरी घरं कोंबलेली. तिथे फॉरवर्ड करून काही होत नाही, तुमचं दार कंपनीच्या दाराच्या आत आहे. टेलस्केल टाका, ते आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं करणारं व्हीपीएन आहे. आतून बाहेर जोडणी जाते, एकही पोर्ट उघडावा लागत नाही, सीजीनॅटमधूनही चालतं. फक्त एक, टेलस्केलचे पत्तेसुद्धा १०० नेच सुरू होतात, ते बघून गोंधळू नका.

रानजाई

करते. पण मला मुख्य बोलायचंय ते आईबद्दल. आईला अलेक्साशी हिंदीत बोलावं लागतं. सत्तरीची बाई, सांगलीच्या बाहेर फारशी गेलेली नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून "लाइट बंद करो" म्हणते आणि माझ्याकडे व्हिडिओवर असं बघते की मला वाईट वाटतं. हिंदी २०१९ मध्ये आली त्यात, मराठी माणसाने मराठीत बोलायचं कधी? त्यासाठी मी लोकलकडे वळले. आणि तिथेही व्हिस्परचा स्मॉल मॉडेल आईचं मराठी हिंदीसारखं लिहून काढतो.

ओसरी

रानजाई, अगदी. आमच्या आजी "देवघरातला दिवा बंद कर" म्हणतच नाहीत. विझव तर अजिबात नाही, ते अशुभ. त्या म्हणतात "दिवा शांत कर". देवघरात छोटा एलईडी आहे, त्यालाही तेच. मी होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशन करून वाक्याच्या ट्रिगरमध्ये (हे ऐकलं की ते काम कर) हे वाक्य जसंच्या तसं घातलं. पहिल्या संध्याकाळी आजींनी नमस्कार करून म्हटलं, दिवा मंद होत होत गेला, आणि त्यांनी परत एकदा म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. हे कुठली कंपनी करून देणार होती मला?

ठाणेकर_जुना

आणि त्याला उत्तर यायला किती सेकंद लागतात ते पण लिहा. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर व्हिस्परला एका वाक्याला आठ सेकंद लागतात असं होम असिस्टंटवालेच लिहितात. आठ सेकंद अंधारात उभं राहायचं? बटण दोन पावलांवर आहे.

ओसरी

जुन्या ऑफिसचा इंटेलचा मिनी पीसी आहे, सेकंद-दीड सेकंद. पाय वर मीही आधी केलं होतं आणि सोडून दिलं होतं, तेवढं तुमचं बरोबर आहे.

अर्धा_कप

मराठीवरून भावनिक होण्याआधी एक. मूळ व्हिस्पर ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलाय, त्यात मराठीचा वाटा नगण्य. म्हणून लार्ज मॉडेल टाकलं तरी चमत्कार होत नाही, फक्त मशीन तापतं. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने भारतीय भाषांसाठी मॉडेल केलीत, मराठी त्यात आहे, पण ती वायोमिंगला जोडायचं काम आपल्यालाच करायला लागतं. कुणी करत नाही. अभिमान सगळ्यांना, आवाज द्यायला कुणी नाही.

रानजाई

भावनिक? माझी आई तिच्या घरात तिच्या भाषेत बोलू शकत नाही हे तुम्हाला भावनिक वाटतं? तुम्ही त्याआधी सीव्हीईचे नंबर फेकत होता ते काय होतं, ती पण भीतीच होती ना. आणि आवाज द्यायचं म्हणाल तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मी गेल्या वर्षी रात्री बसून वाक्यं वाचलीत. तुम्ही किती वाचलीत?

अर्धा_कप

एकही नाही. शब्द चुकला, माफी.

वायरमन_मिरज

धागा पोर्टचा होता, पण आता हेच जास्त महत्त्वाचं वाटतंय म्हणून मीही घुसतो. मॉडेलला सगळं मराठी कळायची वाट बघत बसू नका. व्हिस्पर आईचं वाक्य जसं चुकीचं लिहितो तसंच ते वाक्य ट्रिगरमध्ये घाला. होम असिस्टंटच्या असिस्ट डीबगमध्ये त्याने काय ऐकलं ते अक्षरन् अक्षर दिसतं. आमच्या वडिलांचं "मोटर चालू कर" त्याला दर वेळी "मोटार चालू करा" ऐकू येतं, दोन्ही घातली आहेत, पर्याय कंसात उभी रेघ देऊन लिहिता येतात. शब्द पण गावागावाला वेगळे. आमच्याकडे लाइट घालव, वडील मालव म्हणतात, शेतावरचा गडी इझव. सगळे घातलेत.

ठाणेकर_जुना

हे तुम्हाला जमतं कारण तुम्हाला आवड आहे. माझी बायको विचारते, तू चार दिवस गावाला गेलास आणि हे बंद पडलं तर मी कुणाला विचारू? त्याला तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला, उजवा हात चालत नाही, रात्री त्यांना बटणापर्यंत जाता येत नाही. मला त्या दिवशी चालणारी वस्तू हवी होती, महिनाभर ट्रिगर लिहीत बसायला वेळ नव्हता. म्हणून अलेक्सा घेतला आणि म्हणून पोर्ट उघडला, ऑफिसमधून बघता यावं म्हणून. उद्योग वगैरे शब्द मी चिडून वापरला.

ओसरी

हे आधी सांगितलं असतंत तर कुणी असं बोललं नसतं.

वायरमन_मिरज

ठाणेकर, अलेक्सा काढा असं मी म्हणालोच नाही. पण २८ मार्च २०२५ पासून अमेझॉनने आवाज क्लाउडला न पाठवण्याचा पर्याय काढून टाकला, तो होता तोही अलेक्साच्या मोजक्या इको उपकरणांवर, अमेरिकेत, इंग्रजीत. म्हणजे वडील रात्री काय म्हणाले ते बाहेर जाणार, हे माहीत असू द्या. आणि इंटरनेट गेलं तर त्यांच्या खोलीतला दिवा लागतो का, ते आज रात्री राउटरची फायबर काढून एकदा बघा. मी भांडायला नाही म्हणत. माझ्या आईच्या वेळी आम्ही बघितलं नव्हतं.

ठाणेकर_जुना

काढून बघितली. नाही लागला.

८१२३ बंद केलाय, टेलस्केल टाकलं, ऑफिसमधून उघडतंय. तुमचं सगळं पटलं असं नाही, आयपी बॅन आणि टू फॅक्टर असताना एवढं घाबरायचं कारण नाही असंच मला अजून वाटतं. पण वडिलांच्या खोलीपुरती एक डबी मागवतो. त्यांचं बोलणं आता जरा जड येतं, "लाइट" चं "लाई" होतं, ते असिस्ट डीबगमध्ये कुठे दिसतं म्हणालात?

वायरमन_मिरज

सेटिंग्ज, व्हॉइस असिस्टंट्स, तुमच्या असिस्टंटपुढचे तीन ठिपके, डीबग. त्यांना दहा वेळा म्हणायला लावू नका, दमतील. तीनदा पुरे, सकाळी. जे दिसेल ते इथे टाका, ट्रिगर मी लिहून देतो.

रानजाई

वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतोय. भाऊ टेलस्केल टाकतोय आत्ता.