मदत हवी आहे: संरक्षणावर खर्च नक्की किती, 13 टक्के की 2 टक्के?

घाईतला_सोम्या: परवा वादविवाद स्पर्धा आहे आणि मी पार अडकलोय. विषय संरक्षण खर्च विरुद्ध कल्याणकारी योजना. एकीकडे 13 टक्के लिहिलंय, दुसरीकडे 2 टक्क्यांच्याही आत, सर म्हणतात आकडा चुकला की मार्क गेले. खरं काय ते लवकर सांगा, शोधून शोधून डोकं उठलंय.

आकडेमोड: कुठल्या वर्षाचं? बाजू कुठली? काहीच सांगितलं नाहीस. 2025-26 चं केंद्राचं बजेट धरतो. एकूण खर्च 50.65 लाख कोटी, त्यात संरक्षण 6.81 लाख कोटी, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. तेच 6.81 जीडीपीने (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाने) भागलं की 1.9 टक्के येतात. दोन्ही बरोबर, फक्त कशाने भागलं ते बघ.

माजी_हवालदार: त्या 6.81 मधले 1.60 लाख कोटी आम्हा म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे आहेत हे पण सांग स्टेजवर. लोकांना वाटतं सगळे तोफा न विमानांवरच जातात. पेन्शन म्हणजे कल्याणकारी खर्चच झाला की मग!

सेविकेचा_मुलगा: काका राग मानू नका, पण आई अंगणवाडी सेविका, तिचं केंद्राने ठरवलेलं मानधन 2018 ला 4500 झालं ते तिथेच आहे, त्यातही राज्याचा वाटा धरून. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबांना केंद्र महिन्याला 200 रुपये देतं, त्याला पेन्शन म्हणायचं. आमच्या अंगणवाडीतला वजनकाटा तीन महिने बंद, आई शेजारच्या वाडीतला काटा पिशवीत घालून आणते, पोरांची वजनं घेते आणि संध्याकाळी परत नेऊन देते. अंगणवाडी न पोषणाला अख्ख्या देशात मिळून 21,960 कोटी.

माजी_हवालदार: मग काट्यासाठी सियाचीनवरच्या पोराचे बूट काढायचे का?

सेविकेचा_मुलगा: बूट कोण काढतंय? मी काटा म्हणालो.

रत्नांग्रीची_सून: लाडक्या बहिणीचा हप्ता आला का कुणाला? माझ्या जावेला आला, मला नाही.

आकडेमोड: ताई, ते राज्याचं बजेट, वेगळा धागा काढा. पण बरं झालं विषय निघाला. सोम्या, राज्यघटनेत आरोग्य राज्यांच्या यादीत, शिक्षण 1976 पासून केंद्र-राज्य दोघांच्या, आणि सैन्य एकट्या केंद्राचं. म्हणजे केंद्राचे आरोग्यावरचे लाखभर कोटी संरक्षणाशेजारी मांडून कसं दिसतंय बघा असं म्हणालास की राज्यांनी केलेला खर्च गायब, आणि समोरचा तुला तिथेच धरणार. शिवाय नुसत्या व्याजावर 12.76 लाख कोटी जातात, संरक्षणाच्या जवळपास दुप्पट. त्यावर कुणी वादविवाद ठेवत नाही.

शांत_वादळ: बोलण्याआधी ज्येष्ठमध चघळ, थंड पाणी अजिबात नको. मी कॉलेजात दोनदा नंबर काढलाय.

माजी_हवालदार: ज्येष्ठमध ठीक आहे पण बाजू कुठली रे बाळा?

घाईतला_सोम्या: सॉरी, ते राहिलंच. 'खर्च कमी करावा' ही बाजू आलीय. चिठ्ठी निघाली काका, मी मागितली नाही, माझे दोन मामा आर्मीत आहेत, घरी अजून सांगितलं नाहीये. तो वजनकाटा भाषणात घेऊ का?

सेविकेचा_मुलगा: घे. गावाचं नाव नको, आईला सुपरवायझर बाई विचारत बसतील.

माजी_हवालदार: मामांना आधी सांग. किती मिनिटं आहेत?

घाईतला_सोम्या: चार.