घर दिलं, तर औषधं घेण्याची अट घालावी का?

मीनल_सिएटल
रस्त्यावरून आलेल्यांना कायमचं घर देणाऱ्या इमारतीत मी नर्स आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘हाउसिंग फर्स्ट’ सुरू झालं ते याच तत्त्वावर: आधी घर, बाकीचं नंतर. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या धोरणाचा पाठिंबा काढून घेण्याचा आदेश दिला. तेव्हापासून ‘उपचार घेतील त्यांनाच घर’ हे सारखं कानावर येतंय. माझा ठाम विरोध आहे. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, फुटपाथवर ते ठेवणार कुठे? लघवी होण्याची गोळी घेतली की दर तासाला संडास शोधायचा, म्हणून माणसं ती गोळीच टाळतात. हा बेजबाबदारपणा नाही हो.

वऱ्हाडी_बाणा
ताई, रस्त्यावरचं पटलं. पण आता फ्रीज आहे, संडास आहे, तरी तिथल्या माणसांची साखर ४०० का? नॅशनल अकॅडमीज या अमेरिकेतल्या वैज्ञानिक संस्थेचा २०१८चा अहवाल सांगतो की एचआयव्ही सोडला तर अशा घरांमुळे तब्येत सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. पैसा करदात्यांचा आहे. आपल्याकडे क्षयाच्या गोळ्या समोर बसवून दिल्याच की!

मीनल_सिएटल
दिल्या, पण गोळी चुकली म्हणून क्षयरोग्याला कुणी घराबाहेर काढलं का? अहवाल मला मान्य आहे. एचआयव्हीचं वेगळं का, तेही बघा. त्या रुग्णांच्या डॉक्टर-औषधांसाठी १९९०च्या रायन व्हाइट कायद्याने स्वतंत्र निधी दिला. मधुमेह, रक्तदाब, दम्याच्या वाट्याला तसं काही आलं नाही. कित्येक इमारतींत एक समाजसेवक असतो आणि नर्स नसतेच. त्यात वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्या पन्नाशीच्या माणसाला सत्तरीतली दुखणी जडलेली असतात: पडणं, विसरणं, न दिसणं. किडनी गेली असेल तर ती घराच्या चावीने परत येत नाही.

अबोली
अट मलाही नको, पण ‘औषध घ्यायचं की नाही, त्याची मर्जी’ असं म्हणून सोडून देणं मला खुपतं. मधुमेहात पायाची संवेदना जाते, जखम दुखत नाही, म्हणून माणूस ती दाखवत नाही. वास येईपर्यंत दार वाजवायचं नाही, याला मान राखणं म्हणायचं? शेवटी पाय कापावा लागतो.

मीनल_सिएटल
अबोली, अगदी खरं. दार रोज वाजवायचं. आज नको म्हणाला तर उद्या पुन्हा. मोजे काढून पाय दाखवायला वेळ लागतो, आधी ओळख व्हावी लागते. घर जाईल ही भीती असली की तो जखम आणखीच लपवतो.

वऱ्हाडी_बाणा
बरं, घराबाहेर काढू नका, एवढं मान्य. पण महिन्यातून एकदा नर्सला भेटायचं, हे तरी भाडेकरारात लिहा. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, हे माझं मत कायम आहे.

मीनल_सिएटल
फुकट नाही, बहुतेक जण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं भरतात. आणि भाडेकरारात लिहिलं की करार मोडला म्हणून काढायची वाट मोकळी झालीच. लिहायचंच तर इमारत चालवणाऱ्या संस्थेच्या करारात लिहा: नर्स आठवड्याचे पाच दिवस हजर, औषधांसाठी कुलपाचा फ्रीज आणि वापरलेल्या सुया टाकायला प्रत्येक मजल्यावर डबा.