चौथी-पाचवीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना सुरुवात खेळाने करावी की ॲनिमेशनने?

प्रश्न – प्राथमिक शिक्षिका, जत (सांगली)

नमस्कार. आमच्या जिल्हा परिषद शाळेला लोकसहभागातून चार संगणक मिळाले असून चौथी-पाचवीच्या मुलांना ‘स्क्रॅच’ (आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम करण्याची भाषा) शिकवण्याचे मी मनावर घेतले आहे. मुलांचा धोशा एकच असतो, “बाई, गेम करूया.” पण गेम करायला घेतला की मी सांगेन तसे ठोकळे ती जोडत जातात आणि पुढे स्वतःहून काहीच बदलत नाहीत. सुरुवात ॲनिमेशनने करावी का? एका संगणकापाशी सात-आठ मुले बसतात, तेव्हा बाकीच्यांना कोणते काम द्यावे? इंटरनेटचाही भरवसा नाही.

उत्तर – शिक्षक, फलटण (सातारा)

ताई, सुरुवात ॲनिमेशननेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा पकडापकडीचा गेम करायचा म्हटला, तरी अटी, गुण मोजणारे चल (बदलती संख्या लक्षात ठेवणारी जागा) आणि एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन आज्ञामालिका हे सारे एकदम अंगावर येते आणि मुलाला नक्कल करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गोष्ट मात्र त्याच्याजवळ आधीपासून असते. आमच्या तालुक्यात चांदोबाचा लिंब येथे माउलींच्या पालखीचे उभे रिंगण होते; ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे पडद्यावर काय घडायला हवे, हे त्यांना सांगावे लागत नाही. घोड्याची दोन चित्रे काढायची, ‘पुढे सरक’ आणि ‘पुढचे चित्र’ हे ठोकळे ‘पुन्हा पुन्हा कर’च्या आत ठेवायचे, की घोडा धावू लागतो. तो इतक्या वेगाने धावतो की पाय नीट दिसतच नाहीत. मग एका मुलीने ‘थांब’ हा ठोकळा आणला, पण तो ‘पुन्हा पुन्हा कर’च्या बाहेर, खाली जोडला, त्यामुळे काहीच फरक पडला नाही. शेजारच्या मुलांनी आज्ञा वरून खाली मोठ्याने वाचल्या, तेव्हा चूक त्यांनाच सापडली. मी मुद्दाम बोललो नाही.

इंटरनेटची काळजी करू नये. स्क्रॅचचे ॲप एकदा उतरवून घेतले की ते जोडणीशिवाय चालते. फक्त भाषांतर आणि मजकूर वाचून दाखवण्याची सोय तेवढी बंद राहते. पात्रांच्या संवादाच्या फुग्यात देवनागरीही लिहिता येते.

उत्तर – गणित शिक्षिका, तासगाव (सांगली)

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त एका अडचणीची आधीच कल्पना देते. स्क्रॅचचा रंगमंच, म्हणजे पात्रे हलतात तो पडद्याचा भाग, आडवा -240 ते 240 आणि उभा -180 ते 180 असा मोजला जातो, तर आपल्याकडे ऋण संख्या सहावीत येतात. म्हणून लहान मुलांना स्थानाचे आकडे देऊ नयेत. ‘इतकी पावले चाल’ आणि ‘इतके अंश वळ’ एवढ्यावर बरेच काही साधते.

संगणकापाशी जागा न मिळालेल्या मुलांसाठी शाळेचे अंगण पुरेसे आहे. एकाने चालायचे, बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या आणि मागे खडूने रेघ ओढत जायचे. चौकोन लगेच जमतो. त्रिकोणाला मुले हटकून ‘60 अंश वळ’ म्हणतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन त्यांना ठाऊक असतो. पण तीन बाजू चालून झाल्या, तरी रेघ मिटत नाही, अर्धा षटकोन तेवढा उमटतो. चालणारा प्रत्यक्षात 120 अंश वळतो, हे पायांनी कळल्यावर वेगळे समजावावे लागत नाही. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये केलेल्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या संगणकभाषेतले कासव, म्हणजे आज्ञांप्रमाणे रेघ ओढत जाणारे पात्र, पुढे याच रीतीने चालवले गेले, आणि स्क्रॅच त्याच परंपरेतले आहे.

उत्तर – संगणक अभियंता व पालक, मिरज (सांगली)

गेम अगदीच बाजूला ठेवू नये, अशी विनंती. दोन-तीन ॲनिमेशने झाल्यावर झाडावरून पडणारे आंबे टोपलीत झेलण्याचा गेम अपुरा करून द्यावा. ‘टोपलीला स्पर्श झाला तर गुण 1 ने वाढव’ एवढेच लिहिले, तर स्पर्श टिकून असेपर्यंत गुण वाढतच राहतात आणि एकाच आंब्याला पाच-सहा गुण मिळतात. असे का होते, हे मुलांनीच शोधावे. झेललेला आंबा लगेच वर पाठवायला हवा, हे त्यांना थोड्या वेळाने सुचते. दुसऱ्यांदा खेळताना गुण शून्यापासून सुरू होत नाहीत, हेही तीच दाखवून देतील. तेव्हा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ठोकळ्याखाली पहिली आज्ञा कोणती असावी, हे त्यांनाच विचारावे.