बोट यार्डात वर घेतली आहे: तळाला फोड, शाफ्टला खेळ. आधी काय करावं?

डोलकाठी
३२ फुटी फायबरची शिडाची बोट आहे, जुन्या बांधणीची, पॉलिएस्टर रेझिनची. अँटीफाउलिंग रंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) खरवडल्यावर पाणरेषेखाली नाण्याएवढे फोड दिसले, सुकाणूच्या आसपास जास्त. एक फोडला तर आंबट वासाचं चिकट पाणी उडालं. शिवाय बोट ढकलणारा पंखा धरून वर-खाली केला की त्याचा शाफ्ट (इंजिनकडून येणारा दांडा) बेअरिंगमध्ये खडखडतो. यार्डातला सल्ला असा, की फोड भरा, लगेच इपॉक्सीचे (पाणी सहज न शिरणाऱ्या रेझिनचे) थर द्या आणि आठवड्यात बोट पाण्यात सोडा. पटत नाहीये. क्रम कसा ठेवावा?

तांडेल
लगेच इपॉक्सी देऊच नका. जेलकोटमधून (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून) पाणी झिरपतं, रेझिनमधले विरघळणारे घटक त्यात उतरतात आणि ते द्रावण आणखी पाणी आत ओढतं. दाब वाढला की फोड येतो. हे द्रावण आत कोंडून वरून इपॉक्सी मारलं, तर नव्या थराखाली पुन्हा फोड धरतात आणि तो थर उचलला जातो.

प्रत्येक फोड ग्राइंडरने निरोगी फायबर लागेपर्यंत उघडा. कडा उभ्या ठेवू नका, उतरत्या करा. मग गोड्या पाण्याने धुवा, शक्यतो गरम पाण्याच्या दाबाने, आणि पुन्हा पुन्हा धुवा. इथेच बहुतेक कामं फसतात. आतल्या द्रावणात ग्लायकॉल असतं, ते पाण्यासारखं उडून जात नाही आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. नुसती उन्हात उभी ठेवलेली बोट म्हणून वाळत नाही. बिल्जही (बोटीच्या आत तळाशी पाणी साचतं ती जागा) कोरडा करा, नाहीतर आतून ओल येतच राहील.

वाळली का हे पाहायला ३० सेंमी चौरस जाड प्लॅस्टिक चारी कडांनी टेपने तळाला बंद चिकटवा. दिवसभराने आत थेंब दिसले तर थांबा. ओलावा मोजायचा मीटर असेल तर पाणरेषेच्या वरचा आकडा आधी घ्या आणि खालचा त्याच्याशी ताडून पाहा, एकटा आकडा काहीच सांगत नाही. वाळायला महिने लागू शकतात.

खड्डे भरायची लांबी (पुटी) इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका (घट्ट करणारी बारीक पूड) कालवून करा. पाणरेषेखाली पॉलिएस्टर लांबी नको, ती पाणी धरते. इपॉक्सी जमल्यावर वर मेणचट थर येतो. तो आधी पाणी आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा. उलट केलं तर तो थर ओरखड्यांत चोळला जातो आणि पुढचा थर धरत नाही. पाणी अडवणारे इपॉक्सीचे अडसर थर रोलरने पाच-सहा द्या, वाळल्यावर एकूण जाडी सुमारे २५० मायक्रॉन भरली पाहिजे. तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं दव धरतं) किमान ३ अंश सेल्सियस वर असावं. शेवटचा थर बोटाला जरा चिकट लागत असतानाच अँटीफाउलिंगचा पहिला हात द्या, तो घट्ट धरतो.

फोड मोजके असतील तर तेवढेच दुरुस्त करा. सगळा जेलकोट सोलण्याची घाई नको.

निळीवाट
तांडेल यांचं सगळं बरोबर, पण क्रमात फोड खाली ठेवा. फोडांसह बोट एखादा हंगाम सहज चालते. तळातल्या झडपेचा (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या भोकावरची) गळा तुटला तर बोट बुडते. बोट वर आहे तोवर प्रत्येक झडप आणि तळातलं फिटिंग थोडं घासून धातूचा रंग पाहा. पिवळा असेल तर ठीक. गुलाबी, तांबूस दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलंय, मागे ठिसूळ तांबं उरलंय. हलक्या हातोडीने ठोका. चांगला धातू खणखणतो, गेलेला बद्द वाजतो किंवा तुकडा पडतो. मूठ अडकलेली झडप जोर लावून फिरवायची ती यार्डातच, पाण्यात कधीच नाही.

शिडदोर
शाफ्टबद्दल: २५ मिमी शाफ्टला साधारण दीड मिमी खेळ झाला की बेअरिंग बदलायचं. आधी ब्रॅकेटवरचे (तळाखाली बेअरिंग धरणाऱ्या आधारावरचे) बारीक स्क्रू काढा, ते विसरले जातात. मग शाफ्ट काढून करवतीच्या पात्याने बेअरिंगचं कवच आतून लांबीच्या दिशेने कापा, ब्रॅकेटला चीर जाऊ न देता, आणि आत मुडपून काढा. नवीन बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवून बसवा. रबराला ग्रीस नको, साबणाचं पाणी पुरतं.

जुनं रबर एकाच बाजूला झिजलं असेल तर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. रेष मात्र बोट पाण्यात उतरून एक-दोन दिवस तरंगल्यावर तपासा, कारण टेकूंवर तळाचा आकार किंचित बदलतो. कपलिंगच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांच्या) १०० मिमी व्यासाला ०.१ मिमीपेक्षा जास्त फट नको.

डोलकाठी
आभार. झडपा घासल्या, संडासाच्या झडपेचं फिटिंग गुलाबी निघालं. दुकानातला साधा बॉल व्हॉल्व्ह त्याच फिटिंगवर चढवला तर?

निळीवाट
नको. गुलाबी झालेलं फिटिंगच काढायचंय. शिवाय तळाच्या फिटिंगचे आटे बहुधा सरळ असतात आणि नळकामाच्या व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-तीन आट्यांतच घट्ट लागतात आणि सगळा भार तेवढ्यावर येतो. आटे जुळलेली, रुंद बैठकीची झडप घ्या, ब्राँझची किंवा काच-तंतू घातलेल्या नायलॉनची. बैठकीखाली फायबरची जाड चकती द्या, प्लायवुड कुजतं. सीलंट पॉलिसल्फाइड घ्या, सिलिकॉन नको. होजला ३१६ स्टीलच्या दोन क्लिपा, आणि त्या मापाचं मऊ लाकडाचं बूच झडपेलाच दोरीने बांधून ठेवा.

तांडेल
एक राहिलं. टेकूच्या पाट्यांखालचा रंग मारायला टेकू स्वतः हलवू नका. समोरासमोरचे टेकू साखळीने बांधलेले असतात, एक सैल झाला की दुसराही सरकतो. यार्डातल्या माणसाकडूनच एकेक हलवून घ्या. आणि जुना रंग ओला करूनच घासा, त्यातली तांब्याची भुकटी फुप्फुसात जाते.