कागदी लिंबू झुडपासारखं बुटकं ठेवायचंय, छाटणी कधी आणि किती?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत रो-हाउसच्या मागच्या पट्टीत, कुंडीत नाही, जमिनीतच कागदी लिंबाचं कलम आहे. उंची साताठ फूट झालीय. मला ते छातीएवढं, पसरट झुडूप हवंय, कारण वरच शेजाऱ्यांची कपड्यांची दोरी आहे आणि काटे साड्यांत अडकतात. तक्रार रास्तच आहे म्हणा.

ऊन सकाळचं चार-पाच तास. आळं उंच केलंय, त्यामुळे पावसात पाणी तुंबत नाही. शेणखत, निंबोळी पेंड चालू आहे. कोवळ्या पानांवर नागअळीची चंदेरी नागमोडी रेघ दिसते, त्यावर निंबोळी अर्क मारतो. तो प्रश्न नाही. कलमाच्या जोडाखालचे फुटवेही लगेच काढतो.

शेंडे खुडून पाहिले, पण आडव्या फांद्या सुटण्याऐवजी मधूनच जाडजूड काट्यांचे पाणसोट (जोमदार उभे फुटवे) सरळ वर धावतात. नर्सरीवाला म्हणतो पावसाआधी छाटा, माळीकाका म्हणतात दिवाळीनंतर.

जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार (लिंबाला तेव्हा येणारा फुलोरा) हातचा घालवायचा नाहीये. मग मुख्य खोड एकदम तीन फुटांवर कापू, की निम्म्या फांद्या यंदा आणि निम्म्या पुढच्या वर्षी? आणि नेमक्या कुठल्या महिन्यात?