मुलांनी एकमेकांना मार्क द्यायचे, हे कुणाच्या वर्गात नीट जमलंय का?

मुलुंडकर_मॅडम
टीवायबीएला समाजशास्त्र शिकवते, वर्गात ७० मुलं. यंदा इंटर्नलच्या प्रोजेक्टला एकमेकांना १० पैकी मार्क द्यायला लावले तर मित्रामित्रांत सरसकट ९ नि १०, आणि जी मुलं कुणाच्या ग्रुपमधे नाहीत त्यांना ५. त्यात एक मुलगी मराठी मीडियमची, तिने कुर्ल्यात घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेऊन प्रोजेक्ट केलेला, वर्गात सगळ्यात मेहनतीचा, तिलाही ५, कारण काय तर इंग्लिश कच्चं. फार लागलं मला. काय बघून मार्क द्यायचे हे मी सांगितलंच नव्हतं, चूक माझीच. बंद करू का हे?

ठाणे_फास्ट
बंद नका करू मॅडम. आधी नावं काढा, नुसते कोड नंबर ठेवा. कॉलेजात मूडल (ऑनलाइन शिकवायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात वर्कशॉप नावाचं टूल आहे, ते मुलांची कामं एकमेकांना तपासायला आपोआप वाटतं आणि दोन मार्क देतं, एक स्वतःच्या कामाचा, दुसरा आपण दुसऱ्याचं किती नीट तपासलं त्याचा. सुरुवातीला ८० आणि २० असं असतं, बदलता येतं. आमच्याकडे त्या २० मुळे मुलं वाचायला तरी लागली.

गिरगाव७८
त्यात एक गोची आहे पण. तो दुसरा मार्क सरासरीच्या जवळ कोण आहे त्यावर निघतो, म्हणजे सगळ्यांनी ९ दिले तर ९ देणाराच बरोबर, आणि प्रामाणिकपणे ६ देणारा मार खातो. म्हणून तुम्ही स्वतःही तपासा नि तुमच्या तपासणीचं वेटेज वाढवा. आणि मार्कांचे रकाने कमी ठेवा हो. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली मुलांनी एकमेकांना मार्क देण्यावरचे ४८ अभ्यास एकत्र पाहिले होते, त्यात निकष मुलांना नीट समजलेले असतील आणि त्यावरून एकच एकूण मार्क द्यायचा असेल तेव्हा तो शिक्षकांच्या मार्कांशी जास्त जुळला, बारीक बारीक तुकडे पाडून दिलेल्यांपेक्षा.

एमए_पार्ट२
मॅडम मी पण मराठी मीडियमची. मार्क काय मी विसरले, पण एका मुलाने लिहिलेलं की तिसऱ्या पानावरचा मुद्दा पहिल्या पानावर हवा होता, ते अजून लक्षात आहे. मार्क काढूनच टाका, दोन वाक्यं लिहायला सांगा, आणि मराठीत लिहिलं तरी चालेल असं आधीच सांगा ना प्लीज.

मुलुंडकर_मॅडम
हे पटलं गं. पुढच्या सेमला मार्क माझे, मुलांच्या नुसत्या कमेंट्स, कुठल्याही भाषेत. आधी एक जुना प्रोजेक्ट नाव काढून सगळे मिळून तपासू. त्या मुलीचे मार्क आजच बदलले, उद्या तिला बोलावून सांगते.